न लावलेला थांबा

हे खरं घडलंय. ज्यांना पटणार नाही त्यांनी खुशाल पुढे जावं, माझी तक्रार नाही.

नम्रता माझी मावसबहीण. खोटं रचून सांगण्याइतकीसुद्धा ताकद तिच्यात उरली नव्हती, त्या दिवसांतली ही गोष्ट. तिने मला एकदाच सांगितली. पुन्हा विचारायचं माझं धाडस झालं नाही, कारण माझ्याही घरात झोळी टांगलेली आहे.

रात्र नव्हती. अमावास्या वगैरे काही नव्हतं.

गेल्या वर्षीचा जुलै संपत आलेला. रत्नागिरी. मिरकरवाड्याच्या वरच्या अंगाला, चढावर एक चिऱ्याचं घर. आणि वेळ...

भर दुपारची.

मासेमारीची बंदी चालू होती. बोटी सगळ्या किनाऱ्याला लागलेल्या, प्लास्टिक पांघरून. बर्फाचा कारखाना थंड. एरवी लिलावाचा गलका चढावरच्या घरांपर्यंत यायचा. त्या दिवसांत नुसता पाऊस. मागच्या पडवीच्या पत्र्यावर, थांबायचं नाव नाही.

सानवी तेव्हा आठ महिन्यांची होती. दात येत होते. रात्रभर पोर किरकिरायची. नवरा ओमकार जयगडच्या बंदरात शिफ्टला. घरी असला की झोपलेला, नसला की नसलेला. दिवस आणि रात्र, दोन्ही नम्रताच्याच खांद्यावर. 'दमले' असं म्हणायचंही तिने सोडून दिलं होतं. म्हणून काय होणार होतं?

वर नोकरी. एमआयडीसीतली एक छोटी कंपनी बोटींसाठी एक डबी बनवते. बोट संकटात सापडली की खलाशाने बटण दाबायचं, किनाऱ्यावर खबर जाते. ती डबी नीट चालते की नाही हे तपासणारा प्रोग्राम नम्रताच्या ताब्यात होता. बाळंतपणाच्या रजेनंतर कंपनीने तिला घरून काम करू दिलं होतं. पण तिचे साहेब, हर्षद, आधीच सांगून बसले होते, "एक ऑगस्टला बोटी बाहेर पडतात. त्याच्याआधी तपासणी झाली तर ठीक. नाहीतर मला दुसरं माणूस बघावं लागेल. राग मानू नकोस."

तिने राग मानला नाही. रागाला सुद्धा झोप झालेली असावी लागते.

आता थोडं कामाचं सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही.

तो तपासणीचा प्रोग्राम म्हणजे आपली एसटी समजा. एकेक चाचणी घेत पुढे जाते. बोट बुडतेय, बॅटरी उतरलीय, रेंज गेलीय. प्रत्येक चाचणीला टेबलावरची डबी 'टिक' करते. मध्येच गाडी उभी करून आत डोकावायचं असेल तर त्या ओळीवर एक थांबा लावायचा. ब्रेकपॉइंट म्हणतात त्याला. गाडी तिथे आली की उभी. मग कंडक्टरने डबल बेल दिल्याशिवाय, म्हणजे माणसाने कीबोर्डवरचं बटण दाबल्याशिवाय, ती जागची हलत नाही.

हे थांबे हाताने लावता येतात. पण प्रोग्रामलाच सांगून ठेवता येतं, असं झालं तर थांबा लाव, तसं झालं तर काढ. कंपनीत कोणीतरी पूर्वी त्यासाठी एक फाईल लिहून ठेवली होती. वर नाव होतं, उमैमा. नम्रताने तिला कधी पाहिलं नव्हतं. या कामात तसंच चालतं. दुसऱ्याचं लिहिलेलं घ्यायचं, त्यात आपल्या चार ओळी घालायच्या.

नम्रताने घातलेल्या चार ओळी अशा होत्या.

झोळी मागच्या खोलीत, कारण वाशाला कडी तिथेच. काम पुढच्या खोलीत, कारण नेट तिथेच. पत्र्यावरच्या पावसात पोरीचं रडणं काही ऐकू यायचं नाही. म्हणून तिने जुना मोबाईल झोळीजवळ ठेवून दिला. सानवी रडली की मोबाईलचा माईक ते ऐकणार आणि प्रोग्राम आपणहून थांबा लावणार. चाचणी जागच्या जागी उभी. ती उभीच राहायला हवी होती, कारण डबीवरचा दिवा डोळ्यांनी बघावा लागायचा. माणूस उठून गेल्यावर गाडी रिकामी पळून काय उपयोग?

टिकटिक बंद पडली की उठायचं. पोरीला शांत करायचं. परत येऊन बटण दाबायचं.

बटण दाबायचं काम तिचंच होतं. एवढं लक्षात ठेवा.

एका दुपारी टिकटिक थांबली.

नम्रता टेबलावर कोपर टेकून बसली होती. उठायचं होतं. पाय उठेनात. "आले गं, आले," एवढं म्हणाली आणि खुर्ची मागे सरकवली...

टिक.

टिक. टिक.

गाडी चालू झाली होती.

तिने कीबोर्डकडे पाहिलं. तिचे दोन्ही हात खुर्चीच्या दांड्यांवर होते.

आत जाऊन पाहिलं. सानवी गाढ झोपलेली. गालावर ओला ओघळ. म्हणजे रडली होती. आणि झोळी...

झोळी हलत होती. लांब, संथ झोका. कोणीतरी आत्ताच हात काढून घेतल्यासारखा.

संध्याकाळी तिने ओमकारला सांगितलं. तो बूट काढत होता.

"तूच लिहिलं असशील. रडणं थांबलं की चालू हो म्हणून."

"नाही लिहिलं."

"काल तू चहात मीठ घातलंस."

"चमचाभर."

"मग ओळभर हेही लिहिलं असशील."

ती हसली. त्याचं म्हणणं पटण्यासारखंच होतं. तरी जेवणं झाल्यावर तिने सगळा प्रोग्राम वरपासून खालपर्यंत वाचला. थांबायची ओळ होती. पुन्हा चालू व्हायची ओळ नव्हती. कुठेच नव्हती.

दुसऱ्या दिवशी तेच.

तिसऱ्या दिवशीही.

टिकटिक थांबायची. ती उठायच्या बेतात असायची. आणि टिकटिक पुन्हा सुरू.

खरं सांगायचं तर... पहिले दोन दिवस ती धावत आत गेली. मग चालत गेली. मग जाईनाशी झाली. काम भराभर पुढे सरकत होतं, पोर दुपारभर झोपत होती, आणि कित्येक महिन्यांनी नम्रताने एक अख्खा कप चहा गरम असताना प्यायला. अशा वेळी माणूस फार प्रश्न विचारत नाही.

प्रश्न विचारला तो शेजारच्या यमुनाबाईंनी. घराच्या मालकीणबाई त्या, भिंतीपलीकडेच राहायच्या. पडवीत शेवग्याचा पाला निवडत बसल्या होत्या.

"बाई ठेवलीस काय गो?"

"कुठली बाई, काकू?"

"पोरीला बघायला. दुपारची ऐकू येते ना मला भिंतीतनं. च्च च्च करते. जीभ वाजवते. चांगली हाय हो, पोरीला रडू म्हणून देत नाय."

"माझ्याकडे कोणी नाही, काकू."

"नाय? मग टीव्ही असंल."

"आमच्याकडे टीव्ही नाही."

यमुनाबाईंचा हात पाल्यात थांबला. त्यांनी एकदा नम्रताकडे बघितलं, एकदा मागच्या खोलीच्या खिडकीकडे. मग खाली मान घालून पुन्हा पाला निवडायला लागल्या.

त्या दुपारी नम्रताने हेडफोन लावले. झोळीजवळच्या मोबाईलचा आवाज थेट कानात घेतला.

पत्र्यावरचा पाऊस. पंख्याची घरघर. कडीची कुईं... कुईं... सानवीचा श्वास.

बराच वेळ एवढंच.

मग सानवी कुरकुरली. रडली. टेबलावरची टिकटिक थांबली. नम्रता हलली नाही. तिने हेडफोन दोन्ही हातांनी कानांवर दाबून धरले.

आणि मग...

च्च. च्च.

अगदी माईकजवळ.

च्च. च्च.

रडणं हुंदक्यावर आलं. हुंदका श्वासावर आला.

टिक.

नम्रता उठली ती खुर्ची पाडूनच. मागच्या खोलीत कोणी नव्हतं. मागच्या दाराला आतून कडी. खिडकीला गज. सानवी जागी होती, हसत होती, पण आईकडे बघून नाही. मान मागे टाकून झोळीच्या डोक्याकडच्या अंगाला बघत होती. तिकडून कधी कोणी येत नसे. तिकडे भिंत होती.

दोन दिवस नम्रताने पोरीला नजरेआड केलं नाही. मांडीवर घेऊन काम केलं. सानवीने डबीच्या वायरी ओढल्या, कीबोर्डवर हात आपटले, चाचण्या पहिल्यापासून कराव्या लागल्या. तिसऱ्या दिवशी हर्षदचा फोन आला.

"नम्रता, उद्या शेवटचा दिवस."

"हो सर."

"आणि सलग हवं मला. मध्ये उभं राहिलं की रिपोर्टमध्ये दिसतं. तिकडे माणूस बुडतोय आणि आपली डबी बसलीय थांब्यावर, असं चालेल का?"

"नाही चालणार, सर."

"बाळ आहे, मला कळतं. पण मलाही वर उत्तर द्यायचं असतं."

ओमकारला रजा मिळाली नाही. सासूबाई गावी, लावणीची कामं. यमुनाबाई सकाळीच लेकीकडे गेलेल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी नम्रताने पोरीला पाजलं, झोळीत घातलं, झोपेपर्यंत झोका दिला. दोन्ही खोल्यांमधलं दार उघडं ठेवलं. मग पुढच्या खोलीत येऊन बसली आणि एक ओळ लिहिली.

सगळे थांबे काढ.

थांब्यांची यादी उघडून बघितली. रिकामी. आता पोर रडो, काही होवो, गाडी शेवटपर्यंत थांबणार नव्हती.

आणि चालू करायच्या आधी ती एक वाक्य बोलली. हे मला सांगताना ती फरशीकडे बघत होती. मागच्या खोलीकडे तोंड करून ती हळू आवाजात म्हणाली,

"आजचा दिवस बघा जरा हिच्याकडे."

टिक. टिक. टिक.

गाडी सुटली. बोट बुडाली, डबीने खबर दिली. बॅटरी उतरली, डबीने खबर दिली. दिवे हिरवे. निम्मं झालं. निम्म्याच्याही पुढे गेलं. नम्रताचे डोळे मिटत होते, ती ते ताणून उघडे ठेवत होती.

आणि टिकटिक...

थांबली.

तिने यादी बघितली. रिकामी. एकही थांबा लावलेला नाही. तरी पडद्यावर गाडी उभी. जिथे रडण्याचा थांबा असायचा, नेमकी त्याच ओळीवर.

तिने बटण दाबलं.

टिक.

पुन्हा उभी.

पुन्हा दाबलं. टिक. उभी.

"काय करतोस रे बाबा," ती पुटपुटली. रडकुंडीला आली होती. नोकरी डोळ्यांसमोर चालली होती. तिसऱ्यांदा दाबलं, जोरात.

या वेळी टिकसुद्धा नाही.

आणि तेव्हा तिच्या लक्षात आलं. सानवी रडत नाहीये. मग गाडी कशासाठी उभी आहे?

तिने हेडफोन उचलून कानाला लावले.

काहीच नाही.

पाऊस नाही. पंखा नाही. कडीची कुईं नाही. च्च च्च नाही. खिडकीबाहेर पाऊस कोसळत होता, तिला दिसत होता. आणि कानात मात्र... एखाद्याने तोंडावर हात ठेवावा तशी शांतता.

ती धावली.

झोळी जागच्या जागी स्तब्ध होती. सानवी आत पूर्ण पालथी झाली होती, झोळीत पहिल्यांदाच. झोळीच्या साडीला पीळ पडला होता आणि पोरीचं तोंड त्या कापडात रुतलं होतं. हात आत अडकलेले. रडायला श्वासच नव्हता तिच्याकडे.

नम्रताने साडी फाडली की सोडली, तिला आठवत नाही. पोर बाहेर काढली. ओठ जांभळे. पाठीवर थोपटलं, फुंकर घातली, नाव घेऊन हाका मारल्या.

एक क्षण. अजून एक.

मग सानवी रडली.

नम्रता तिला घेऊन जमिनीवरच बसली. गप्प केलं नाही. रडू दिलं.

आणि पुढच्या खोलीतून आवाज आला.

टिक. टिक. टिक.

डॉक्टरांनी तपासलं, पोर ठीक होती. तपासणी संपली की रिपोर्ट आपोआप जायचा. रिक्षातून परत येताना हर्षदचा मेसेज आला. 'रिपोर्ट मिळाला. सगळं हिरवं. सलग. एकदाही थांबलं नाही. शाब्बास.'

तिने तो मेसेज ओमकारला दाखवला. ओमकारने दोनदा वाचला. या वेळी तो मिठाचं काही बोलला नाही.

झोळी त्याच दिवशी उतरवली. पुढच्या महिन्यात त्यांनी घर बदललं. जाताना नम्रताने यमुनाबाईंना विचारलंच, या घरात पूर्वी कोणी...

"नाय गो बाय. हे आम्हीच बांधलं. हितं कोण मेलं नाय, कोण जन्मलं नाय. ती कडी पण तुमच्या आधीच्या भाडेकऱ्यानं कंदिलाला ठोकलेली." मग किल्ली घेता घेता म्हणाल्या, "त्या दिवसानंतर तू काम बंद ठेवलंस ना, तेव्हापासनं भिंतीतनं काय आवाज नाय आला. तुझ्या त्या कामाबरोबरच असायचं ते."

नम्रताच्या डोक्यात ते वाक्य राहिलं. पुढे कधीतरी ऑफिसात गेली असताना तिने सहज विचारलं.

"सर, ती थांब्यांची मूळ फाईल ज्यांनी लिहिली, उमैमा... त्या कुठे असतात आता?"

हर्षद लॅपटॉपमध्ये बघत होते. "मी यायच्या आधीची ती. हुशार होती म्हणतात. सातव्या महिन्यापर्यंत काम करत होती."

"मग?"

"बाळंतपणात गेली. बाळही राहिलं नाही." त्यांनी मान वर केली. "का गं?"

"काही नाही. नाव वाचलं होतं."

इथे गोष्ट संपली असती तर बरं झालं असतं.

यंदाच्या जूनमधली दुपार. नम्रताच्या ऑफिसातली योगिनी, लांज्याची, तिलाही मुलगा झालाय. तीही आता घरून काम करते. तिचा फोन आला.

"नम्रता, तुझा तो बाळाच्या रडण्याचा प्रोग्राम हर्षद सरांनी मला दिलाय. इतके दिवस मस्त चालला गं. आज मात्र मध्येच उभा राहतोय. बटण दाबते तर एक पाऊल पुढे जातो नि परत उभा. आणि थांबे तर मी सगळे काढलेत."

नम्रताच्या हातातली वाटी तशीच राहिली.

"बाळ कुठाय?"

"आत. झोपलाय."

"आत जा."

"अगं, आत्ता तर..."

"योगिनी, आत जा. फोन ठेवू नकोस."

पावलांचा आवाज. दार. मग बराच वेळ काही नाही. नम्रता म्हणाली, तेवढ्या वेळात तिने काय काय कबूल केलं देवाजवळ, तिचं तिलाच ठाऊक.

मग योगिनीचा श्वास, तुटक. "अगं बाई गं... पांघरूण तोंडावर गुंडाळलं गेलं होतं याच्या. काढलं. काढलं मी. ठीक आहे तो. रडतोय बघ."

फोनमधून बाळाचं रडणं आलं. खणखणीत. नम्रताने भिंतीला पाठ टेकली.

आणि त्या रडण्याच्या मागून, अगदी फोनजवळ...

च्च. च्च.

"योगिनी. तुझ्याकडे कोण आहे आत्ता?"

"कोणी नाही. मी आणि बाळ. का गं?"

रडणं हळूहळू कमी झालं. आणि लांबून, दुसऱ्या खोलीतून...

टिक.

नम्रताने तिला काही सांगितलं नाही. काय सांगणार? प्रोग्राम वापरू नकोस? की वापर, पण थांबे काढू नकोस?

तिच्या स्वतःच्या लॅपटॉपवर त्या फाईलची एक प्रत अजून आहे. कितीदा पुसायला घेतली. बटणावर बोट ठेवते आणि बोट तिथेच राहतं.

सानवी आता चालते. दुपारी बाहुलीला मांडीवर घेऊन झोपवते. घरात कोणी शिकवलेलं नाही, पण बाहुली झोपेपर्यंत ती जीभ वाजवत राहते. च्च. च्च.

नम्रता मला म्हणाली, "ताई, भीती त्याची नाही वाटत. एखादा दिवस असा येतो, अंगात त्राण नसतं, ही रडत असते, ओमकार ड्युटीवर, आणि मी लॅपटॉपकडे बघते. वाटतं, ती फाईल उघडावी."

मग उठून तिने झोपलेल्या सानवीचं पांघरूण हनुवटीखाली सारलं.

"त्याची भीती वाटते."